पैसे भरून घेतलेलं पॅरेंटल कंट्रोल ॲप: बॅटरी का नाही दाखवत बाबांनो?

परवा मेसेज आला, मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायच्या ॲपचे उद्या ऑटोपेने २,३९९ रुपये कटणार. पहिल्या वर्षी ऑफरमध्ये हजाराच्या आत पडलं होतं, तेव्हा पुढच्या वर्षीचा आकडा कुठे डोळ्यांत भरेल असा लिहिलेला नव्हता. पैसे कापायच्या २४ तास आधी कळवायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे म्हणून वाचले, यूपीआय ॲपमध्ये जाऊन आधी मँडेट (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) रद्द केलं आणि मग हे लिहायला बसले. कंपनीचं नाव लिहीत नाही, यातली बहुतेक ॲप्स सारखीच आहेत.

मुलगा सातवीत, कोथरूडला क्लास, जाताना सायकल नाहीतर पीएमपी. फोन माझाच जुना, त्याची बॅटरी संध्याकाळपर्यंत मान टाकते आणि दुकानवाला बदलायचे हजार-बाराशे सांगतो, ते काही मी अजून दिलेले नाहीत.

स्क्रीन टाइम, ॲप ब्लॉक, एसओएस (संकटात दाबायचं बटण) वगैरे सगळ्यांना माहितीये. ब्लॉक ठीक चालतो, पण यूट्यूबच्या ॲपला लिमिट लावलं तर साहेब क्रोममध्ये यूट्यूब उघडून बसले, त्यामुळे साइटपण वेगळी ब्लॉक करावी लागते. व्हॉट्सॲप बंद करता येत नाही कारण होमवर्क तिथेच येतो, आणि कुणी व्हिडिओची लिंक टाकली की ती तिथल्या तिथे चालते, म्हणजे झालंच.

'क्लासला पोहोचला' हा अलर्ट कधीकधी तो घरी येऊन जेवायला बसल्यावर यायचा. कस्टमर केअर म्हणे फोन बॅटरी वाचवायला ॲप मागून बंद करतो, ऑटोस्टार्ट चालू करा, बॅटरीत 'नो रिस्ट्रिक्शन्स' करा. केलं, सुधारलं, फोनचा अपडेट आला की परत तेच.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. पावसाळ्यात एकदा क्लास सुटून बराच वेळ झाला, फोन स्विच ऑफ, मॅपवर ठिपका क्लासपाशीच. आता हा फोन संपला म्हणून बंद आहे का पाण्यात पडला का कुणी घेतला, कसं कळणार? ठिपक्याशेजारी नुसता '३%' असा आकडा असता तर मी गप चहा ठेवला असता. तो आला भिजत, फोन डेड. नंतर बघितलं तर बॅटरी दिसते, पण वरच्या प्लॅनमध्ये! अरे, फोनच्या कोपऱ्यात फुकट दिसणारा आकडा आहे तो, त्याचे कसले पैसे?

एक गोष्ट मी स्वतःहून बंद केली. नोटिफिकेशन वाचायची परवानगी दिली की त्याला येणारे मेसेज माझ्याकडे दिसायचे, त्यात त्याच्या मित्रांचंही सगळं यायचं. २०२३ च्या डेटा कायद्यात १८ च्या आतल्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी असं म्हटलंय, ती मी माझ्या मुलाची दिली, बाकीच्यांच्या आयांना कुणी विचारलं? आणि दुसऱ्यांच्या पोरांची भांडणं वाचायला मला वेळ पण नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं, मग भाची म्हणाली मावशी गूगलचं फॅमिली लिंक टाक, फुकट आहे. टाकलं. मला वाटलेलं फुकट म्हणजे अर्धवट असणार. पण लोकेशन उघडलं की तिथेच फोनची बॅटरी! रोजचं लिमिट, रात्री लॉक, नवीन ॲपला माझी परवानगी, क्रोमचं इनकॉग्निटो (काय बघितलं ते मागे न ठेवणारं) बंद, सगळं आहे. नेट नसेल तरी माझ्या फोनमधला पॅरेंट कोड टाकून त्याच्या फोनचं लॉक उघडतं. मेसेज दिसत नाहीत, ते मला नकोच आहेत.

आता पाच वाजता बघते, ४० च्या खाली असेल तर चार्जिंगला लावूनच क्लासला जायचं. 'फोन बंद पडला होता' ही सबबही आता चालत नाही, कारण ५२% असताना कसा बंद पडला ते सांगावं लागतं. ह्यांचं म्हणणं मी मुलापेक्षा बॅटरीवर जास्त लक्ष ठेवते, म्हणू देत.

जुनं बंद करायला कस्टमर केअरशी चॅट केलं तर लगेच निम्म्या किमतीत देतो म्हणे. म्हटलं बॅटरी बेसिक प्लॅनमध्ये देता का, तर 'फीडबॅक टीमला कळवतो मॅम'. तीन स्टार द्यायचे मनात होते, दोन दिले. आणि हो, ॲप डिलीट होत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन त्याचं डिव्हाइस ॲडमिन (फोनवर ताबा ठेवायची परवानगी) आधी काढा, नाहीतर अनइन्स्टॉलचं बटण दबतच नाही.