क्रोशाच्या बाहुल्या, राहतं घर आणि आमच्या सीए मॅडम: दोन वर्षांचा अनुभव (सांगली)

मी घरी क्रोशाच्या बाहुल्या, रॅटल, बाळांच्या टोप्या करते, ऑर्डर सगळ्या इन्स्टा आणि व्हॉट्सॲपवर. हा रिव्ह्यू विश्रामबागमधल्या एका छोट्या सीए ऑफिसचा आहे. नाव टाकत नाही कारण मॅडमनीच नको म्हणून सांगितलं, पण घरून धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येक बाईने असा माणूस शोधावा असं मला मनापासून वाटतं म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी काय झालं ते सांगते. सुरुवातीला मी गूगलवर उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, शोधलं, पहिलीच साईट उघडली, अगदी सरकारी दिसणारी, तिथे माहिती भरली आणि १,९९९ रुपये भरले. उद्यम रजिस्ट्रेशनला सरकार एक रुपयाही घेत नाही हो! आधार आणि पॅन लागतं, बाकी कागदसुद्धा अपलोड करायचा नाही, खरी साईट जीओव्ही डॉट इन वाली, अर्ध्या तासात होतं. ते पैसे गेलेच, आणि मग पुढचे सहा महिने त्यांचे फोन, "मॅडम प्रायव्हेट लिमिटेड करून टाका, घर सेफ होईल". त्याच शब्दाने मी घाबरले खरंतर. घर सेफ नाहीये म्हणजे काय?

मग मावसबहिणीने ह्या मॅडमचं नाव सुचवलं. मी पिशवीत दोन बाहुल्या आणि हिशोबाची वही घेऊन गेले. मला वाटलं पहिल्यांदा उलाढाल विचारतील, पण त्यांनी बाहुली हातात घेतली आणि तिचा प्लास्टिकचा डोळा नखाने ओढून बघितला. एकदा, दोनदा. मग म्हणाल्या, "ताई, हा निघाला आणि बाळाने गिळला तर?" मला काही बोलताच आलं नाही. त्या दिवसापासून तीन वर्षांखालच्या मुलांच्या सगळ्या बाहुल्यांना मी धाग्याने भरलेले डोळे करते, टीपसुद्धा डबल घेते. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः केलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्या नोंदणीचं, म्हणजे कारागिराचं पेहचान कार्ड त्यांनीच फॉर्म भरून करायला लावलं. एवढी मोठी गोष्ट मला त्याआधी कुणीच सांगितली नव्हती, ना त्या फोनवाल्यांनी ना इन्स्टाच्या कोर्सवाल्यांनी.

मग त्यांनी एका कागदाच्या मागे दोन रकाने पाडले. एकात धंद्याचं, एकात घरचं. घरच्या बाजूला मी बोलत गेले आणि त्या लिहीत गेल्या: फ्लॅट दोघांच्या नावावर कर्जासकट, माझी एफडी, सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या, पीपीएफ, नवऱ्याचा टर्म प्लॅन, म्हणजे आयुर्विमा, घ्यायचा राहिलेला. मग एकेक करून सांगितलं. मी एकटी मालक म्हणजे कायद्याने धंदा आणि मी एकच, उधारी थकली तर फ्लॅटमधला माझा हिस्सा, एफडी, पाटल्या सगळं त्यात आलं. पण कोर्टाच्या जप्तीतसुद्धा काही गोष्टींना हात लावता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०: स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धर्माच्या रिवाजाप्रमाणे जो दागिना बाईला अंगावरून काढता येत नाही तो, म्हणजे मंगळसूत्र, आणि कारागिराची हत्यारं. पीपीएफलाही सावकाराची जप्ती लागत नाही. कारागिराची हत्यारं हे ऐकल्यावर मी नकळत पिशवीतल्या सुयांवर हात ठेवला. माझ्या आजीच्या सुया आहेत त्या.

टर्म प्लॅनचं पण सांगून ठेवते, बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्तीच्या कायद्याखाली नवऱ्याने पॉलिसी घेतली तर तो ज्यांचं देणं लागतो त्यांना ते पैसे मिळत नाहीत, बायकोमुलांचेच राहतात. पण पॉलिसी घेतानाच ते लिहून द्यावं लागतं, नंतर जमत नाही. धंदा माझ्या नावावर आहे म्हणून मॅडमनी लाभार्थी मुलीला करायला लावलं, मला नाही. इतका बारीक विचार!

कंपनीचा विषय मी काढला तेव्हा त्या सरळ नाही म्हणाल्या. दहा-बारा हजारांच्या महिन्याच्या विक्रीला कंपनी नको, तुम्ही ॲडव्हान्स घेऊन काम करता, उधारी नाही, तर बुडायला आहे काय? एकट्या माणसाची कंपनी म्हणजे ओपीसी काढली तरी दरवर्षी ऑडिट लागतं, विक्री कितीही कमी असो, आणि वार्षिक फॉर्म उशिरा भरले तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. शिवाय कंपनीला नफ्याच्या पहिल्या रुपयापासून टॅक्स. मैत्रिणीबरोबर साधी भागीदारी करायची होती ती पण त्यांनी थांबवली, कारण त्यात तिने केलेल्या उधारीला माझं घर बांधलं जातं. मैत्रीण थोडी नाराज झाली तेव्हा, पण मॅडमनी तिलाही बोलावून समजावलं.

त्याऐवजी वेगळं करंट खातं उघडलं आणि विमा घेतला. २०१९च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यावर गळ्याएवढं पाणी होतं, त्यामुळे लोकरीची पोती बघितली की मला तेच आठवतं. घराच्या विम्यात धंद्याचा माल धरतीलच असं नाही, म्हणून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही वेगळी पॉलिसी घेतली, त्यात पूर येतो.

कंपनी झाली ती मागच्या वर्षी. बेंगळुरूच्या एका ऑफिसची ३०० बाहुल्यांची ऑर्डर आली, लुधियानाची लोकर उधारीवर घ्यायची, चार बायका कामाला लावायच्या, आणि पैसे माल पोचल्यावर ४५ दिवसांनी. मी मॅडमना फोन केला तर त्याच म्हणाल्या, आता उधारी आली, ती कंपनीच्या नावावर राहील, घरावर येणार नाही, आता करूया. १८ हजारात सगळं झालं, डिजिटल सही धरून. नाव एकदा रिजेक्ट झालं, त्यामुळे तीन आठवडे गेले. नॉमिनी नवरा, म्हणजे माझं काही झालं तर कंपनी बंद न पडता त्याच्याकडे जाते. जीएसटी नंबर पण तेव्हाच काढला.

आणि ह्याच वेळी त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना कायम मानेन. बँकेने कंपनीला कर्ज देताना माझी आणि नवऱ्याची दोघांची वैयक्तिक हमी मागितली. मी पेन हातात घेतलं होतं. नशिबाने आधी मॅडमना व्हॉट्सॲपवर कागद पाठवला होता, त्यांचा फोन आला, "ताई, ही सही केली की कंपनी काढली न काढली सारखंच, आणि भाऊंचं पण सगळं गुंतलं". आम्ही ते कर्ज सोडलं, लोकर कमी आणली, ऑर्डर दोन हप्त्यात दिली. त्या ऑफिसने ऐकून घेतलं. विचारायचंच धाडस नव्हतं माझ्यात आधी.

कंपनीने सगळं झाकलं जात नाही हेही त्यांनी लपवलं नाही. माझ्या हातून बाहुलीत हयगय झाली आणि बाळाला इजा झाली तर मी कंपनीच्या मागे लपू शकत नाही. आणि उधारी वसूल करणारे दारात आल्यावर फ्लॅटमधला हिस्सा नवऱ्याच्या नावावर करणं कोर्ट रद्द करू शकतं, त्यामुळे जे करायचं ते आधी, उजेडात.

तक्रार एकच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्या फोन उचलत नाहीत, ऑफिसातला मुलगा "मॅडम बिझी आहेत" एवढंच सांगतो. एकदा माझा एक फॉर्म त्यामुळे शेवटच्या दिवशी रात्री गेला, मी जेवले नव्हते त्या दिवशी. वर्षाची फी २० हजार आहे, छोट्या धंद्याला ती जड जाते. पाचापैकी साडेचार देते. जाताना वही आणि एक बाहुली घेऊन जा, डोळा ओढून बघतातच त्या.