स्वस्त हेडफोन: कपाची पकड आणि डग्ग्याचा घुमारा

घरी गाणं रेकॉर्ड करताना हेडफोनमधला ठेका माइकमध्ये झिरपता कामा नये आणि डग्गा डग्ग्यासारखाच ऐकू आला पाहिजे. या दोन कसोट्यांवर सेनहायझर एचडी २८० प्रो पहिला येतो. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम२०एक्स दुसरा.

२८० प्रोसाठी कंपनी ३२ डेसिबलपर्यंत आवाज अडवल्याचा दावा करते. यातला ‘पर्यंत’ महत्त्वाचा. कुकरची शिट्टी, शेजारचं बोलणं चांगलंच दबतं. बसच्या इंजिनाची घरघर मात्र बरीच आत येते, कारण खर्जाच्या लांब लहरी कप आणि पॅडला फारशा जुमानत नाहीत. डग्ग्यावरची मींड, म्हणजे तळहात सरकवून घसरवलेला सूर, खालपर्यंत स्वच्छ जाते, फुगत नाही. आवाज थोडा कोंडलेला वाटतो, आणि ६४ ओहमच्या विद्युत अवरोधामुळे मोबाइलवर व्हॉल्यूम बराच वर न्यावा लागतो. पकड नवेपणी फार घट्ट असते. डोक्याएवढ्या रुंदीच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर चढवून ठेवा. त्याहून जास्त ताणलंत तर पकडीबरोबर सीलही, म्हणजे पॅडचं कानाभोवती हवाबंद बसणंही, जाईल.

एम२०एक्स १९० ग्रॅमचा, ४७ ओहमचा, तासन्‌तास घालायला सोपा. डग्गा इथे जरा जास्तच भरदार होतो आणि तानपुऱ्याच्या जवारीची, म्हणजे तारांच्या झणझणाटाची, धार बोथट होते. पॅड उथळ आहेत, मोठे कान आत टेकतात. ३ मीटरची केबल कायमची जोडलेली. ती तुटली की सोल्डरिंगशिवाय इलाज नाही.

१९८४ पासून मिळणारा कॉस पोर्टा प्रो उघड्या रचनेचा. शांत खोलीत याच्याइतका मोकळा, उबदार आवाज या किमतीत क्वचितच मिळेल, पण बाहेरचं काहीच अडत नाही आणि आतलं सगळं माइकला ऐकू जातं. रेकॉर्डिंगला तो नकोच.

बंद रचनेचा, म्हणजे कपाची मागची बाजू झाकलेला, हेडफोन विकत घेण्याआधी ६० हर्ट्झचा सूर लावून दोन्ही कप हलकेच दाबा. दाबल्यावर खर्ज वाढला तर सील गळतंय. बहुतेक वेळा दोष चष्म्याच्या जाड काडीचा किंवा मध्ये आलेल्या केसांचा असतो, आणि खर्जाबरोबर बाहेरचा आवाज अडवण्याची ताकदही तिथूनच निसटते. घामाने आणि दमट हवेने रेक्झिनचे पॅड सोलपटले तरी हेच होतं. मग इक्वलायझरवर बास वाढवत बसू नका, पॅड बदला.