पिल्लू खात नाही: थांबायचं, फसवायचं की तोंडात द्यायचं?

सापाचं पिल्लू घरी येऊन दोन आठवडे झाले. उंदराचं लव न आलेलं पिल्लू, ज्याला पाळणारे 'पिंकी' म्हणतात, ते तुम्ही तीनदा समोर ठेवलंत आणि तिन्ही वेळा सकाळी जसंच्या तसं उचलून टाकलंत. विचारायला गेलात की तीन तऱ्हेचे सल्ले मिळतात. कुणी म्हणतं, थांबा. कुणी म्हणतं, वास बदला, जिवंत देऊन बघा. कुणी म्हणतं, तोंड उघडून आत सरकवा. यातला एकही सल्ला खोटा नाही, घोळ होतो तो क्रमात. आणि क्रम कॅलेंडर बघून ठरवू नये, काटा बघून ठरवावा. ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या (नंतर तो स्वयंपाकघरात परत नेऊ नका) आणि आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवा. वजन टिकून असेल तर उपाशी पिल्लाची काळजी त्याच्यापेक्षा तुम्हालाच जास्त आहे.

थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाची शिदोरी असते. पहिली कात पडेपर्यंत, म्हणजे साधारण ७ ते १० दिवस, बहुतेक पिल्लं खायचं नाव घेत नाहीत. तेव्हा पहिली कात पडली आहे का, हे ज्याच्याकडून पिल्लू आणलं त्याला आधी विचारा. त्याच्याकडे ते काय खात होतं, किती वेळा खाल्लं, जिवंत की गोठवलेलं, हेही तेव्हाच विचारून घ्या. पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

मग घर तपासा. कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन या पाळल्या जाणाऱ्या सापांच्या दोन जाती. कॉर्न स्नेकला उबदार बाजूला २८ ते ३० अंश सेल्सिअस लागतं, बॉल पायथनला ३१ ते ३२, आणि दोघांनाही दुसरी बाजू थंड हवी. याहून गार ठेवलेल्या सापाने खाल्लं तरी त्याला ते पचत नाही आणि तो ओकून टाकतो. अंग चेपून बसता येईल अशा दोन दडणी द्या, एक उबेत, एक गारव्यात. मोठ्या काचेच्या टाकीत पिल्लू बिचकून राहतं. तेच लहानशा अंधाऱ्या डब्यात धीट होतं. आणल्यावर आठवडाभर हातात घेऊ नका. हे सगळ्यात स्वस्त, सगळ्यात बिनधोक, आणि नव्या माणसाला सगळ्यात अवघड जाणारं, कारण यात काहीतरी केल्याचं समाधान मिळत नाही. माझ्या पहिल्या कॉर्न स्नेकला मी रोज संध्याकाळी उचलून 'बघत' होतो. उचलणं थांबवलं आणि सहाव्या दिवशी त्याने पिंकी गिळली.

इथवर करूनही नकारच असेल, तर फसवणुकीची पाळी. कशाने फसवायचं हे जातीवर ठरतं.

बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात. त्याला भक्ष्य 'दिसतं' ते उबेमुळे. त्याच्यासमोर गार उंदीर म्हणजे जवळजवळ दगडच. गोठवलेलं भक्ष्य फ्रिजमध्ये सावकाश वितळू द्या, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, सुमारे ३८ अंशांपर्यंत गरम होऊ द्या, पुसून कोरडं करा आणि लांब चिमट्याने, रात्री, दडणीच्या तोंडाशी हळूच हलवा. मायक्रोवेव्ह अजिबात नको. ते आतून शिजतं नाहीतर फुटतं. शिवाय बॉल पायथनचं पिल्लू दिसतं त्याहून दांडगं असतं. पिंकीकडे ते ढुंकूनही बघत नाही, त्याला लव आलेलं, उड्या मारू लागलेलं उंदराचं पिल्लू लागतं.

कॉर्न स्नेक, किंगस्नेक आणि हॉगनोज या जातींच्या सापांना असे खळगे नाहीत; त्यांचं सगळं काम जिभेने टिपलेल्या वासावर. कॉर्न आणि किंगस्नेकची पिल्लं रानात पाली-सरडे खातात, हॉगनोज भेकांवर (खरखरीत कातडीच्या बेडकांवर) जगतो. त्यांच्या लेखी पिंकी हे अन्नच नसतं. म्हणून कॉर्नसाठी पिंकीला सरड्याचा किंवा पालीचा वास लावतात, हॉगनोजसाठी भेकाचा, नाहीतर मीठ-तेल नसलेल्या डबाबंद ट्यूनाचं पाणी. याच्याही आधी एक साधी गोष्ट करून बघा: पिंकी बिनवासाच्या साबणाने धुऊन खळखळून स्वच्छ करा. उंदराचा वास गेला की काही पिल्लं निमूट खातात. रानातला सरडा मात्र सापाला खायला घालू नका, त्याच्यातून परजीवी येतात.

मेलेल्या पिंकीच्या डोक्याला छेद देऊन मेंदू थोडा बाहेर आणणं, ही किळसवाणी युक्ती दोन्ही गटांत चालते. माझ्या मते वास लावण्याच्या खटाटोपापेक्षा ही आधी करावी. पाच सेकंदांचं काम आहे आणि नंतर सवय मोडत बसावं लागत नाही. वास लावलेल्या पिंकीची चटक लागली, तर तो वास पुढच्या खेपांना थोडा थोडा कमी करत न्यावा लागतो.

जिवंत की गोठवलेलं? पिंकीपुरतं बोलायचं तर जिवंत दिल्याने सापाला धोका नाही, तिला दातच नसतात, आणि तिच्या वळवळण्याने अडलेलं पिल्लू कधी कधी सुरू होतं. दात आलेला उंदीर ही वेगळी गोष्ट. भूक नसलेल्या सापाला तो कुरतडतो, त्यामुळे नजर न हटवता द्यायचा आणि थोड्या वेळाने काढून घ्यायचा. एकदोनदा जिवंत देऊन सुरुवात करणं मी चूक मानत नाही, पण लगेच गोठवलेल्याकडे वळा. साठवायला सोपं, उंदराचे हाल नाहीत, सापाला जखमा नाहीत. हात मात्र दोन्हीकडे धुवायचेच. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही.

आता तिसरा सल्ला. यात दोन गोष्टींची गल्लत होते. आधार देऊन भरवणं म्हणजे पिंकीचं डोकं हळूच तोंडात ठेवून, साप खाली सोडून, आपण पुतळ्यासारखं स्थिर होणं. गिळतो तो साप. जबरदस्तीने भरवणं म्हणजे घशाखाली ढकलणं किंवा पिचकारीने घालणं. पहिलं शिकता येतं, तरी पहिल्यांदा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करा. दुसरं सापांच्या डॉक्टरांवर सोडा, कारण त्यात जबडा आणि अन्ननलिका दुखावू शकते आणि ताणाने आधीच खंगलेलं पिल्लू जाऊही शकतं. सुरुवातीच्या वजनातला दहावा हिस्सा गेला, पाठीचा कणा टोचायला लागला, कातडीला सैल घड्या पडल्या, की युक्त्या पुरे, डॉक्टर गाठा. तोंडाशी बुडबुडे किंवा श्वासाला घरघर असेल तर वजनाचीही वाट बघू नका.

कुठलीही युक्ती केलीत तरी दोन प्रयत्नांत पाच ते सात दिवस जाऊ द्या. रोज पिंकी नाचवली की पिल्लू तिलाच घाबरायला लागतं. पहिला घास गेल्यावर ४८ तास हात लावू नका, आणि पुढचे तीन-चार घास त्याच डब्यात, त्याच वेळी, त्याच मापाचे द्या. ओकलंच, तर निदान १० दिवस काही देऊ नका आणि नंतर आधीपेक्षा लहान द्या.