आई-बाळ मदतगट: बरेच महिने जाऊन आल्यावरचा अनुभव (आणि तो वजनकाटा!)

गटात काय असतं ते बहुतेकांना माहितीये, गरोदरपणातच नाव घालायचं, आठवड्याची बैठक, बाळ झालं की ट्रेनिंग घेतलेली ताई घरी येते, फोनवर ग्रुप, सगळं फुकट. ते परत सांगत बसत नाही. मला बोलायचंय त्यांच्या वजनकाट्याबद्दल, कारण मागच्या बैठकीत परत तेच झालं आणि माझं डोकं फिरलंय.

काटा डिजिटल आहे, पण ठेवलाय डुगडुगणाऱ्या टेबलावर. बाळाला कधी डायपरसकट ठेवतात, कधी उघडं, कधी पाजल्या पाजल्या तर कधी भुकेलं. अहो, भरलेला डायपर सहज 100 ग्रॅमच्या वर जातो! पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण 25-30 ग्रॅम वाढतं, म्हणजे एका ओल्या डायपरमध्ये तीन-चार दिवसांची वाढ इकडची तिकडे होते. आमचं वजन एकदा आधीपेक्षा कमी भरलं, काट्यावरच्या मुलीने आकडा मोठ्याने वाचला, वहीत लिहिला आणि "पुढचं बाळ घ्या". बस्स. मी घरी येईपर्यंत रडत होते आणि घरात लगेच सुरू, दूध पुरत नाहीये, वरचं चालू कर, उगाच हट्ट करू नकोस.

त्या दिवशी रिव्ह्यू लिहिला असता तर एकच स्टार दिला असता. आज तसं नाही देणार.

रात्री ग्रुपवर मेसेज टाकला आणि सकाळी ताई दारात. काटा आणलाच नव्हता तिने. पहिला प्रश्न, दिवसात लंगोट किती ओले होतात? पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त चांगले ओले होत असतील तर दूध पोटात जातंय असं समजायला हरकत नाही, म्हणाली. मग "माझ्यासमोर पाज" म्हणून गप्प बघत बसली. बाळ नुसतं टोक धरून ओढत होतं, म्हणून तर मला इतकं दुखायचं. तिने बाळाचं पोट माझ्या पोटाला चिकटवलं, नाक स्तनाग्रासमोर आणलं, बाळ मोठ्ठा आ करेपर्यंत मला थांबवून ठेवलं आणि मग हनुवटी आधी टेकवून जवळ घ्यायला लावलं. थोड्या वेळात गिळल्याचा आवाज यायला लागला, चक्क ऐकू येत होता. दवाखान्यात एवढे दिवस होते, हे कुणी दाखवलं नव्हतं.

वजनाचंही तिनेच नीट सांगितलं. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, आणि पुढे एका आकड्यावर काही ठरवायचं नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या बाळांच्या वाढीच्या तक्त्यावर वजनाची रेघ कुठे चाललीये ते बघायचं. मी घरी काटा विकत घ्यायला निघाले होते, रोज मोजशील आणि रोज घाबरशील म्हणून तिने थांबवलं. पैसे वाचले ते वेगळेच.

जाताना एक फॉर्म दिला. मला वाटलं बाळाचा असेल, तर 10 च्या 10 प्रश्न माझ्याबद्दल, गेल्या 7 दिवसांत मला कसं वाटलं याचे. माझे गुण जास्त आले, म्हणजे बाळंतपणानंतरच्या नैराश्याची शंका. पहिल्या दोनेक आठवड्यांतलं रडू आपोआप ओसरतं, माझं त्यापुढेही चालूच होतं आणि घरात सगळे "होतं असं" म्हणून सोडून देत होते. डॉक्टरांची वेळ तिनेच घेऊन दिली, उपचार चालू आहेत, आता झोप लागते. या एका गोष्टीसाठी गटाला माझ्याकडून शंभर गुण.

म्हणूनच काट्याचा राग जास्त येतो. इतकं मन लावून काम करणारी माणसं आणि टेबल सपाट करायला कुणाला वेळ नाही? दोनदा लेखी दिलंय, "बघतो" एवढंच उत्तर. बाळ उघडं ठेवा, काटा आधी शून्यावर आणा, आकडा आईला शेजारी बसवून सांगा, याला पैसे लागत नाहीत हो. मागच्या वेळी एक नवी आई तसंच तोंड करून बाहेर पडली, मी तिला जिन्यात थांबवून लंगोटांचं विचारलं आणि ताईचा नंबर दिला.

चार स्टार. पाचवा काटा नीट झाला की. आणि नाव बाळ व्हायच्या आधीच घाला, पहिला आठवडाच सगळ्यात अवघड असतो आणि तेव्हा फॉर्म भरत बसायचं त्राण नसतं.