जुन्या प्रीमियर ११८ एनईचा एसी: भोसरीतल्या एका वर्कशॉपचा अनुभव

आमची प्रीमियर ११८ एनई १९९१ सालची आहे. फियाट १२४च्या बांध्यात निस्सानचे ११७१ सीसीचे इंजिन बसवलेली ही गाडी (नावातले ‘एनई’ म्हणजे निस्सान इंजिनच) अजून व्यवस्थित चालते. तक्रार होती ती एसीची. दोन उन्हाळ्यांत तीन वेळा गॅस भरला आणि तिन्ही वेळा दोन महिन्यांच्या आत जाळीतून कोमट वारा येऊ लागला. गॅस भरून देणाऱ्यांपैकी एकानेही तो जातो कुठे, हे पाहिले नव्हते.

भोसरीतल्या ज्या छोट्या वर्कशॉपविषयी लिहीत आहे, त्याच्या मालकांनी नाव न देण्याची विनंती केली आहे, कारण महिन्याला दोनपेक्षा जास्त जुन्या गाड्या त्यांना घेता येत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी गॅसच्या सिलिंडरला हातसुद्धा लावला नाही. टॉर्च घेऊन ते पाइपांचे जोड आणि कॉम्प्रेसरचा पुढचा भाग पाहत राहिले. कॉम्प्रेसरच्या क्लचच्या प्लेटमागे तेलकट धुळीचे काळे कडे जमले होते, त्यावर बोट फिरवून ते त्यांनी माझ्यासमोर धरले. सुटणारा गॅस आपल्याबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर आणतो आणि त्यावर धूळ बसते, म्हणून गळतीची जागा बहुधा मळलेली असते. तरीही नजरेवर न विसंबता त्यांनी नायट्रोजन भरून गाडी रात्रभर ठेवली आणि सकाळी गेजचा काटा उतरलेला दिसल्यावर साबणाच्या पाण्याने एकेक जोड तपासला. बुडबुडे दोन ठिकाणी आले: शाफ्ट सीलवर, म्हणजे कॉम्प्रेसरच्या फिरत्या दांड्याभोवती गॅस अडवणाऱ्या कड्यावर, आणि कंडेन्सरच्या, म्हणजे तापलेला गॅस थंड करणाऱ्या रेडिएटरसारख्या भागाच्या, एका जोडावर. गाडी फार काळ उभी राहिली की सील कोरडे पडते, तेव्हा हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे एसी लावत जा, अशी ताकीदही मिळाली.

मूळ यंत्रणा आर-१२ गॅसची. ओझोनच्या थराला घातक ठरलेल्या या गॅसचे उत्पादन मॉन्ट्रियल करारानुसार भारतात २०१०पूर्वीच थांबले. आधीच्या मंडळींनी जुन्याच खनिज तेलावर त्याच्या जागी आलेला आर-१३४ए गॅस भरला होता. हा गॅस त्या तेलात मिसळत नाही, त्यामुळे तेल कॉम्प्रेसरकडे नीट परतत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो. इथे सगळी यंत्रणा धुऊन या गॅसला चालणारे एस्टर तेल घातले, ओलावा शोषणारा ड्रायर, जोडांतल्या रबरी ओ रिंगा आणि रबरी पाइप बदलले, पाऊण तास व्हॅक्यूम करून आतली हवा काढली आणि मग मूळ वजनाच्या सुमारे ८५ टक्के गॅस तोलून भरला.

खरी कसोटी त्यानंतर लागली. दोन्ही गेज योग्य दाब दाखवत होते, पंखा चालू होता, तरी जाळीतली हवा १७ अंशांच्या खाली येईना. दुसऱ्या कुणी आणखी गॅस कोंबला असता. यांनी मात्र हीटरकडे जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळीला चिमटा लावला आणि पाच मिनिटांत थर्मामीटर १० अंशांवर आला. हीटरचा कॉक पूर्ण बंद होत नव्हता, त्यामुळे कूलिंग कॉइलने थंड केलेली हवा पुढे जाऊन पुन्हा तापत होती. पुण्यात हीटर लावतो कोण? म्हणूनच इतकी वर्षे कुणाचे तिकडे लक्ष गेले नसावे.

उणिवाही सांगायला हव्यात. पाच दिवसांचा वायदा अकरा दिवसांवर गेला आणि मधले फोन बहुतेक मीच केले. १८,६०० रुपयांच्या बिलात सुटे भाग आणि मजुरी वेगळी लिहिलेली नव्हती. मागितल्यावर मालकांनी पाठीमागे पेनाने हिशेब मांडून दिला. एक नवा पाइप बॅटरीच्या ट्रेला घासत होता, तो दुसऱ्या फेरीत बांधून घ्यावा लागला.

आता भर मे महिन्यात महामार्गावर जाळीतली हवा १० अंशांवर राहते, सिग्नलला ती १४–१५ अंशांपर्यंत चढते. आर-१३४एला जुना कंडेन्सर थोडा अपुराच पडतो आणि मोठा कंडेन्सर बसवण्याचा सल्ला मी तूर्त खर्चामुळे लांबणीवर टाकला आहे. घाटात एसी बंदच करावा लागतो, तो दोष इंजिनाच्या ताकदीचा आहे. तीन महिन्यांनी दाब पुन्हा तपासून घेतला, तेव्हा काटे पहिल्याच जागी होते आणि त्या तपासणीचे पैसे मालकांनी घेतले नाहीत.