कपड्यांच्या दुकानाचं ‘फ्री’ कार्ड: वापरलं नाही, तरी वसुलीवाले मागे लागले

कार्डाला पाचपैकी एक स्टार. तोही दुकानातले कपडे बरे असतात म्हणून.

मॉलमधल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात बिल करताना काउंटरवरच्या मुलाने आमच्या हिला सांगितलं, ‘मॅडम, मेंबरशिप कार्ड आहे, एकदम फ्री, पॉइंट मिळतात.’ मोबाइल नंबर घेतला, पॅन घेतला, मग ओटीपी विचारला. घरी आलं ते क्रेडिट कार्ड. वर दुकानाचं नाव, खाली बारीक अक्षरात बँकेचं. हिला ते नकोच होतं. कागदाला चिकटवलेलं कार्ड तिने सोडवलंसुद्धा नाही. पिन नाही, अ‍ॅक्टिव्हेशन नाही, रुपयाची खरेदी नाही.

पुढच्या वर्षी त्यावर ४९९ रुपये वार्षिक फी लागली. १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे. हिने लगेच कस्टमर केअरला फोन करून तक्रार नोंदवली, नंबरही घेतला. उत्तर काय, तर ‘आधी थकबाकी भरा, मग कार्ड बंद करू.’ दुकानात गेलो तर ‘कार्ड बँकेचं आहे, आम्ही फक्त फॉर्म भरतो.’ बँक म्हणते, ऑफर दुकानाची होती, तिकडे विचारा. तोवर लेट फी, लेट फीवर जीएसटी आणि या सगळ्यावर व्याज चढत गेलं. आकडा दोन हजारांच्या पुढे गेला आणि प्रकरण एजन्सीकडे.

इथून पुढे मला जरा जास्त बोलायचंय, कारण नोकरीची बरीच वर्षं मी एका पतसंस्थेच्या वसुलीत काढली. सहकार कायद्याच्या कलम १०१चे वसुली दाखले घेऊन लोकांच्या दारात उभा राहिलोय. शिव्या खाल्ल्यात, चहाही प्यायलोय. पण दारात जाताना हातात खातेउतारा असायचा, संस्थेचं पत्र असायचं, आणि पैसे घेतले की जागेवर पावती. या एजन्सीच्या पोराकडे फक्त एक आकडा होता. कसली फी, कधीची, तक्रार आहे का, काहीच माहीत नाही. रात्री साडेआठला फोन. संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ८च्या आधी वसुलीचे फोन करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात लिहिलंय, हे त्याला सांगितलं तर म्हणतो, ‘काका, आम्हाला टार्गेट असतं.’ टार्गेट मलाही असायचं रे बाबा.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाची नोटीस. जावक क्रमांक नाही, सही चिकटवलेली, हिच्या नावाचं स्पेलिंग चूक. सोबत ‘पोलीस घरी येतील’ हा फोन. कार्डाची बिनभरलेली फी हा दिवाणी मामला, त्यात पोलीस कशाला येतील? शेवटी त्याने गोड आवाजात सुचवलं, ‘हजार रुपये या नंबरवर टाका, सेटलमेंट करून देतो.’ नंबर कुणाचा तर त्याचाच! आणि समजा बँकेच्याच खात्यात भरले असते, तरी क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, खातं ‘सेटल्ड’ दिसतं, म्हणजे पूर्ण फेडलं नाही असाच त्याचा अर्थ लावतात. उद्या घराचं कर्ज मागायला गेलं की तो शब्द आडवा येतो. जे देणंच नाही त्याची तडजोड कसली करायची?

एजन्सीशी वाद घालणं मी तिथेच थांबवलं. बिल रद्द करायचा अधिकार त्यांना नसतोच. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी ई-मेल केला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या क्रेडिट कार्ड निर्देशांत आमच्या कामाची कलमं होती. कार्ड ३० दिवसांत सुरू केलं नाही तर बँकेने पुन्हा ओटीपीने संमती घ्यायची, आणि ती नाही मिळाली तर सात कामकाजी दिवसांत खातं विनाखर्च बंद करायचं. सुरूच न झालेल्या नव्या कार्डाची माहिती क्रेडिट ब्युरोला, म्हणजे हे रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीला, कळवायचीच नाही. न भरलेली फी आणि कर मुद्दलात धरून त्यावर व्याज लावायचं नाही. शिवाय २००८पासूनची सूचना आहे की ग्राहकाची तक्रार निकाली निघेपर्यंत प्रकरण वसुली एजन्सीकडे द्यायचं नाही. फक्त कुणी उगाच तक्रारींवर तक्रारी करत असेल, तरच त्यातून सूट. आमची तर एकच तक्रार होती, तीही नंबरासकट.

बँकेचं उत्तर आलं, पण तेच ठरावीक साच्यातलं. ३० दिवस झाले आणि बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली. त्या सेवेला माझ्याकडून चार स्टार. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. एक स्टार कापला तो कागद अपलोड करताना पान मध्येच बंद पडतं म्हणून. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांनी १४४४८ला फोन करून विचारावं. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र हाताशी हवाच, नाहीतर तिथूनच परत पाठवतात.

त्यानंतर बँकेला अचानक सगळं आठवलं. फी, लेट फी, व्याज, सगळं उलटवलं. खातं बंद झाल्याचं पत्र आलं, क्रेडिट रिपोर्टवरची नोंदही गेली. ती खरंच गेली का ते मी स्वतः पाहिलं. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो मागवून घ्या. एजन्सीचा पोरगा मात्र खातं बंद झाल्यावरही एकदा फोन करून गेला. त्याच्या यादीत आम्ही अजून होतो.

न मागता कार्ड देऊन पैसे लावले, तर लावलेल्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा, असंही त्याच निर्देशांत आहे. तो मी मागितला. बँक म्हणते, ओटीपी दिला म्हणजे कार्ड मागितलंच होतं. आता यावर पुढे भांडायचं की नाही ते आमची ही ठरवणार आहे. कार्ड तिच्या नावावर आहे, आणि माझ्या ई-मेलांना ती कंटाळली आहे.