हळदीला चालतो, आल्याला नको: ५०० मिलीचा सॉक्सलेट संच

सॉक्सलेट म्हणजे पुडीतून अर्क काढायचं काचेचं उपकरण: खालच्या फ्लास्कमधल्या द्रावकाची वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन मधल्या एक्स्ट्रॅक्टरमधल्या पुडीवर पडते, एक्स्ट्रॅक्टर भरला की सायफनच्या वाकड्या नळीतून सगळं एकदम खाली उतरतं आणि पुन्हा नवी फेरी. वागळे इस्टेटमधल्या एका काचसामान विक्रेत्याकडचा हा बोरोसिलिकेट काचेचा संच. ५०० मिलीचा गोल बुडाचा फ्लास्क, २०० मिलीचा एक्स्ट्रॅक्टर आणि फुग्यांचा कंडेन्सर एवढंच येतं. हीटिंग मॅन्टल (फ्लास्क तापवणारी विजेची शेगडी) आणि थिंबल (पूड भरायची, द्रावक पाझरू देणारी नळी) वेगळं घ्यावं लागतं. काच जाड आहे, सांधे घट्ट बसतात. खोट आहे ती सायफनमध्ये.

सायफनची नळी गरजेपेक्षा रुंद आहे. मॅन्टल मंद ठेवला तर द्रावक वरच्या वळणापर्यंत चढतो आणि तिथून नुसता ठिबकत राहतो. एक्स्ट्रॅक्टर पूर्ण रिकामा होतच नाही, म्हणजे सॉक्सलेटचा मुख्य फायदाच गेला. आच वाढवून वीस-पंचवीस मिनिटांत एक फेरी पूर्ण होईल असं ठेवलं की तोच सायफन फटकन उपसला जातो. म्हणून घेण्याआधी दुकानातच एक्स्ट्रॅक्टर उभा धरून त्यात हळूहळू पाणी सोडून पाहा. एकदम ओतलं तर वाईट नळीही चांगली वाटते.

हळदीसाठी मात्र संच पैसे वसूल करतो. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधली हळकुंडं भरड कुटावी, वस्त्रगाळ करू नये. बारीक पूड थिंबलमध्ये दाबून बसते, द्रावक कडेकडेनं निसटतो आणि मधला भाग कोराच राहतो. ३० ग्रॅम भरड ४०-४५ अंशांवर वाळवून थिंबलमध्ये सैल भरा. पावसाळ्यात हे वाळवणं टाळू नका, ओल्या पुडीत हेक्झेन (तेल विरघळवणारं द्रावक) शिरत नाही. पुडीची पातळी सायफनच्या वळणाच्या खाली आणि थिंबलची कड त्याच्या वर हवी. वरून कापसाचा बोळा. फ्लास्कमध्ये ३०० मिली द्रावक आणि तीन-चार पोर्सेलिनचे तुकडे, नाहीतर उकळी उसळते. आधी हेक्झेननं तेल काढून घ्या (करक्युमिन, म्हणजे हळदीचा पिवळा रंग, त्यात जवळजवळ विरघळत नाही), पूड पसरून हेक्झेन उडवा, मग अल्कोहोलनं करक्युमिन काढा. सहा ते आठ तास लागतात. सायफनमधून उतरणारा द्रव फिका झाला की थांबायचं. हळदीत ते डोळ्यांना दिसतं, म्हणून शिकायलाही ती सोयीची. रेक्टिफाइड स्पिरिटला, म्हणजे या अल्कोहोललाच, एक्साइजचा परवाना लागतो, हे आधीच बघून ठेवा.

कंडेन्सर थंड ठेवायला त्यातून नळाचं पाणी सोडतात, पण एप्रिल-मेमध्ये नवी मुंबईत गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चांगलंच तापतं. ७८ अंशांना उकळणारं अल्कोहोल त्यातही निभावतं, ५६ अंशांचं अॅसिटोन मात्र कंडेन्सरच्या तोंडातून वास मारत उडून जातं. नळ सोडून द्या. वीस लिटरची बादली, कूलरचा छोटा पंप आणि बर्फाच्या बाटल्या पुरतात. पाणीही वाचतं.

आता न चालणाऱ्या गोष्टी. अर्धं पाणी, अर्धं अल्कोहोल असं मिश्रण यात घालू नका. वर चढणाऱ्या वाफेत अल्कोहोलच जास्त असतं, त्यामुळे थिंबलवर पडतं ते तुम्ही मोजून बनवलेलं मिश्रण नसतंच. पाण्यात विरघळणारे ग्लायकोसाइड (साखरेला जोडलेली वनस्पतीतली संयुगं) हवे असतील तर भिजत घालणं किंवा पर्कोलेशन (पुडीतून द्रावक हळूहळू झिरपवणं) बरं.

दुसरं, वनस्पती थिंबलमध्ये तशी सुखरूप असते, पण उतरलेला अर्क खाली फ्लास्कमध्ये तासन्‌तास उकळत राहतो. हळदीचं करक्युमिन अल्कोहोलमध्ये हे सोसतं. आल्यातलं जिंजरॉल (त्याचा तिखटपणा देणारं संयुग) उष्णतेनं पाणी गमावून शोगाओल बनतं, म्हणजे तपासायला गेलात एक आणि हाती आलं दुसरं. तुळशीच्या तेलाला तर क्लेव्हेंजरच (पाण्याच्या वाफेनं सुगंधी तेल वेगळं करणारं उपकरण) हवं. सॉक्सलेटच्या अर्कातून द्रावक उडवताना सुगंधही त्याच्याबरोबर जातो. फ्रान्झ फॉन सॉक्सलेटनं हे उपकरण १८७९ मध्ये दुधातली चरबी मोजायला मांडलं होतं, नाजूक सुगंधासाठी नव्हे.

आल्यासाठी अल्ट्रासॉनिक बाथ (ध्वनिलहरींनी आतलं पाणी हादरवणारं भांडं) सरस. १० ग्रॅमला १०० मिली अल्कोहोल, ४० किलोहर्ट्‌झ, अर्धा तास, गाळून तोच चोथा पुन्हा एकदा. बाथचं पाणी आपोआप तापतं, त्यात बर्फ टाकत राहा. फ्लास्क दर वेळी एकाच जागी ठेवा, कारण बाथमध्ये जोर सगळीकडे सारखा नसतो. दोन बॅचचे आकडे जुळत नाहीत ते बहुतेकदा यामुळेच.

आणि कच्च्या मालाची प्रतच तपासायची असेल, तर यातलं काहीच नको. ५ ग्रॅम भरड, १०० मिली अल्कोहोल, झाकलेला फ्लास्क, पहिले सहा तास अधूनमधून हलवायचं, मग अठरा तास तसंच. गाळून २५ मिली घ्या, सुकवा, १०५ अंशांवर वाळवून वजन करा. त्याला चारनं गुणलं की १०० मिलीतला, म्हणजे त्या ५ ग्रॅममधला अर्क मिळतो. वजनकाटा तेवढा चांगला हवा.

विक्रेत्याकडे सायफनची तक्रार केली तर एक्स्ट्रॅक्टर बदलून मिळतो, पण फक्त न वापरलेला. पाणी ओतून बघायचं ते म्हणूनच काउंटरवर.